वाचलेला वेळ नेमका कुणाच्या वाट्याला गेला?

उत्तरा_दादर

बँक, वीज, गॅस, रेल्वे, विमा, महापालिका, मुलांचे प्रवेश, सोसायटीचा देखभाल खर्च, अशी जवळपास सगळी कामे आता मोबाइलवर होतात. यामुळे 'वेळ वाचतो' हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. मला मात्र ते पटलेले नाही. यातले बरेचसे काम संपलेले नाही असे माझे मत आहे. पूर्वी ते खिडकीच्या आत बसलेला पगारी माणूस करत असे, आता ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्या बिनपगारी माणसाकडे, म्हणजे आपल्याकडे, आले आहे.

पासबुकाचेच घ्या. पूर्वी ते खिडकीतून आत सरकवले की आतला माणूस नोंदी भरून परत देत असे. आता शाखेच्या दाराशी यंत्र असते. पान नेमके उघडून धरावे लागते, पासबुकावर चिकटवलेली पट्टी त्या यंत्राला वाचता यावी लागते, आणि ती पट्टी घरच्या कपाटात घासून पुसट झाली असेल तर यंत्र पासबुक बाहेर ढकलते. मग नव्या पट्टीसाठी आत जावे लागते. आतल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि उरलेला कर्मचारी अतिशय सौजन्याने आपल्याला ॲप घ्यायला सांगतो. हे सगळे करताना आपण बँकेचे काम करत आहोत हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण त्याला 'सुविधा' असे नाव दिलेले आहे.

तुमच्या घरात, कार्यालयात, धंद्यात यंत्राने वाचवलेला वेळ शेवटी कुणाला मिळाला, हे मला जाणून घ्यायचे आहे. केवळ जुन्या दिवसांचे गोडवे नकोत. काय वाचले, काय वाढले आणि ते कुणी ठरवले, हे अनुभवातून लिहावे.

भायखळा_स्लो

वाचलेला वेळ मोबाइलला मिळाला. तो बघण्यात जातो. माझे उत्तर एवढेच आहे आणि ते मी गंभीरपणे देत आहे.

जुना_कारकून

मी फोर्टमधील एका बँकेत कारकून म्हणून लागलो तेव्हा सगळे हाताने चाले, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ही की हाताच्या कामाबद्दल ज्यांना हळहळ वाटते, त्यांनी ते केलेले नसते. दिवसअखेर लेजरचा, म्हणजे खातेवहीचा, मेळ लागल्याशिवाय घरी जाता येत नसे. एक रुपयाचा फरक आला तरी सगळा विभाग थांबे. फरकाला नऊने भाग गेला तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असणार, ५४ च्या जागी ४५ लिहिले असणार, हा आमचा पहिला आडाखा. आणि मग त्या एका चुकीसाठी शेकडो नोंदींवर बोट फिरवत बसायचे. जून आणि डिसेंबर अखेरीस बचत खात्यांचे सहामाही व्याज काढताना रात्रीची शेवटची लोकल गाठणे हे नेहमीचेच होते. त्या कामात कुणाच्या बुद्धीचा विकास होत नव्हता. ते काम यंत्राने काढून घेतले याचा मला आनंदच झाला आणि आजही आहे.

दुसरी गोष्ट अशी की यंत्र आले तेव्हा त्याबद्दल आधी बोलणी झाली होती, हे आज फार थोड्यांना आठवते. एलआयसीमध्ये साठच्या दशकातच संगणकावरून मोठा विरोध झाला. केंद्र सरकारने १९६९ मध्ये स्वयंचलित यंत्रांच्या प्रश्नावर एक समितीच नेमली, आणि तिचे अध्यक्ष आपले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते. बँकांमध्ये १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला, त्यानंतर लेजर पोस्टिंग मशीन आली. आम्ही संघटनेच्या सभांमध्ये तासन्‌तास वाद घातले. आम्हाला तेव्हा 'प्रगतीचे शत्रू' म्हटले गेले. पण यंत्र किती, कुठे आणि कुणाच्या जागी, हे प्रश्न निदान टेबलावर होते.

मेळ लागायला रात्र होत नसे, त्यामुळे सुरुवातीची वर्षे खरोखर चांगली गेली. वेळ मिळे आणि तो ग्राहकाकडेही जाई; पेन्शनरांचे अर्ज आम्ही स्वतः भरून देत असू. मग २०००-०१ ची स्वेच्छानिवृत्ती आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. जे उरले त्यांच्या हातात थोड्याच वर्षांत विम्याच्या पॉलिसी विकण्याचे लक्ष्य आले. उत्तराताई, यंत्राने वाचवलेले माझे तास मला मिळाले नाहीत आणि तुम्हालाही मिळाले नाहीत. ते पॉलिसी विकण्यात गेले.

रेवती_चिपळूण

मूळ लेखाशी मी पूर्ण असहमत आहे, आणि जुना_कारकून यांच्या प्रामाणिक प्रतिसादाबद्दल आदर ठेवूनही लिहिते की तुम्ही सगळे खिडकीच्या त्या बाजूने किंवा फार सभ्य खिडक्यांसमोर उभे राहिला आहात.

आमची जमीन चिपळूण तालुक्यात, मी राहायला बोरिवलीला. सातबाऱ्याचा उतारा हवा असला की रजा टाकायची, रात्रीची एसटी धरायची, सकाळी गावात पोहोचायचे आणि मग कळायचे की तलाठी आज दुसऱ्या गावात आहेत. ते भेटले तरी हातात कागद पडेपर्यंत किती नमस्कार करावे लागत आणि त्याबरोबर आणखी काय द्यावे लागे, हे कोकणात जमीन असलेल्या कुणालाही विचारा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की तो घरी बसून मिळतो. मी विधवा बाई आहे. त्या कचेरीत मला जी नजर सहन करावी लागे, ती संगणकाला नाही. त्या एका कारणासाठी मी बाकीचे सगळे ओटीपी आनंदाने सोसेन.

माणसाची खिडकी म्हणजे माणुसकीची खिडकी, असे गृहीत धरून हा धागा चालला आहे. खिडकीवरच्या माणसाला जात कळते, गाव कळते, बाई एकटी आहे हे कळते. यंत्राला यातले काही कळत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

उत्तरा_दादर

रेवतीताई, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी मूळ लेखात घ्यायला हवा होता एवढा महत्त्वाचा आहे. परंतु तुमच्या उदाहरणात तलाठ्याचे काम तुमच्या अंगावर आलेले नाही. ते खरोखरच नाहीसे झाले, कारण नोंद आधीच तयार होती आणि तिच्यावर बसलेला माणूस फक्त अडवणूक करत होता. अशी यंत्रे हवीतच. माझा आक्षेप जिथे काम शिल्लक आहे आणि फक्त करणारा बदलला आहे, त्या यंत्रांना आहे. दोन्हींना आपण 'डिजिटल' हे एकच नाव देतो म्हणून गोंधळ होतो.

कोकणकन्या_वेटिंग

रेवती यांनी कोकणचा विषय काढलाच आहे म्हणून लिहितो. गणपतीच्या गाड्यांसाठी पूर्वी आरक्षण केंद्राबाहेर रात्रभर रांग लावावी लागे. आता रांग नाही, पण आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत गाडी भरते आणि पडद्यावर प्रतीक्षा यादी दिसते. पूर्वी रात्रभर उभे राहण्याची तयारी असणाऱ्याला तिकीट मिळे, आता ज्याचे इंटरनेट जलद आहे किंवा ज्याने दलाल गाठला आहे त्याला मिळते. गाड्या जितक्या हव्यात तितक्या नाहीत, हा मूळ प्रश्न दोन्ही काळांत तोच राहिला. रांग दिसेनाशी झाली की टंचाईही दिसेनाशी होते, आणि मग तिच्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. रात्रभरच्या रांगेचे छायाचित्र निदान वर्तमानपत्रात तरी छापून येई.

श्रवण

मी पूर्णतः दृष्टिहीन आहे आणि चर्चगेटला नोकरी करतो. हा संपूर्ण धागा मी मोबाइलच्या वाचक आवाजातून ऐकला, त्यामुळे माझी बाजू कोणती हे वेगळे सांगायला नको.

यूपीआय २०१६ मध्ये आले. त्याआधी बँकेतून पैसे काढताना माझी सही जुळत नाही म्हणून मला कितीतरी वेळा सोबत कुणाला तरी आणायला सांगितले जाई, आणि माझ्या खात्यात किती पैसे आहेत हे त्या सोबत आलेल्या माणसाला कळे. दुकानदार किती सुटे परत देतो आहे हे त्याच्या शब्दावर मानावे लागे. आज मी भाजीवाल्याला नेमके सदतीस रुपये देतो आणि ते गेल्याचे माझ्या कानात ऐकतो. स्वतःच्या पैशांचा हिशेब स्वतःपुरता ठेवता येणे म्हणजे काय, हे ज्यांना तो अधिकार जन्मतःच मिळाला आहे त्यांना समजावणे अवघड आहे.

पण उत्तराताईंच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. खाते पडताळणीसाठी ॲप सांगते की चेहरा चौकटीत आणा आणि डोळे मिचकावा. चौकट कुठे आहे हे मला दिसत नाही, आणि माझ्यासारख्या अनेकांना ठरल्या क्षणी डोळे मिचकावता येत नाहीत. याच प्रश्नावर ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि दृष्टिहीन व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. यंत्र बनवणाऱ्याने माझा विचार केला की ते मला मोकळे करते आणि विचार केला नाही की ते मला पूर्वीच्या कारकुनापेक्षाही घट्ट अडवते. कारकुनाची विनवणी तरी करता येई.

मीना_दिवा

मी दिवा पूर्वेला झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र चालवते. तुम्ही ज्या वाचलेल्या वेळेबद्दल बोलत आहात, तो ज्यांचा वाचलाच नाही अशा लोकांची रांग माझ्या दुकानासमोर असते.

एका शासकीय योजनेच्या ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीच्या, दिवसांत काय झाले ते सांगते. बाई आधार कार्ड घेऊन येते. आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा असतो आणि नवरा कुर्ल्याला कामावर असतो. मी क्रमांक टाकते, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो, बाई माझ्या फोनवरून त्याला फोन लावते, तो यंत्राच्या आवाजात असतो किंवा फोन उचलत नाही, आणि तो सहा आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पहिल्यापासून. मग संकेतस्थळ बंद पडते. मग बाई दुसऱ्या दिवशी येते, म्हणजे दुसऱ्या दिवसाचेही घरकाम बुडते. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे साबणाने आणि राखेने इतके झिजलेले असतात की अंगठ्याचे यंत्र तेही घेत नाही. मी त्यांना बोटाला थोडे खोबरेल तेल लावून, पुसून पुन्हा टेकवायला सांगते. कधी ठसा उमटतो, कधी नाही.

मी एका अर्जाचे पैसे घेते, कारण मलाही दुकानाचे भाडे भरायचे असते. सरकारी अर्ज विनामूल्य असतो, पण तो भरता येत नसेल त्याला तो विनामूल्य पडत नाही. सरकारी कारकुनाचा पगार आता या बायका माझ्यामार्फत भरतात, असे मला अनेकदा वाटते, आणि त्याचे वाईटही वाटते.

रेवतीताई, तुमचे सातबाऱ्याचे खरे आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांनाही कचेरीत जायचे नसते. त्यांना एवढेच हवे असते की समोर कुणीतरी बसलेले असावे आणि त्याने 'तुमचा कागद इथे अडला आहे' असे सांगावे. ॲप फक्त 'काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा' असे म्हणते.

रेवती_चिपळूण

मीनाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा फोन माझ्या नावावर आहे आणि मला इंग्रजी वाचता येते, या दोन गोष्टींवर माझे सगळे म्हणणे उभे होते हे खरे. तरीही जुनी कचेरी परत यावी असे मी म्हणणार नाही.

ऐरोली_रात्रपाळी

मी ही ॲप्स लिहिणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे आतली बाजू सांगतो. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही.

नवे काम सुरू होताना पहिल्या बैठकीत ग्राहकाचा वेळ किती वाचेल हा आकडा क्वचितच असतो. कॉल सेंटरला येणारे फोन किती कमी होतील, हा आकडा मात्र हमखास असतो. म्हणून मदतीचा फोन क्रमांक पहिल्या पडद्यावर ठेवायचा नाही असे ठरते. आधी नेहमीच्या प्रश्नांची यादी, मग यांत्रिक संभाषण, मग तक्रारीचा प्रकार निवडा, आणि त्याच्याही आत तो क्रमांक. अर्ध्यातून सोडून गेलेला माणूस आमच्या तक्त्यात 'प्रश्न सुटला' असाच मोजला जातो, कारण त्याने फोन केलेला नसतो. मी याला बैठकीत विरोध केला आहे. मिळालेले उत्तर असे होते की फोन उचलणाऱ्या माणसाचा खर्च आम्ही देतो, ग्राहकाच्या वेळेचा खर्च आमच्या खात्यात दिसत नाही. या धाग्याच्या मूळ प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

आता हेच आमच्याकडेही आले आहे. कोडचा मोठा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने लिहितात आणि आम्ही तो तपासतो. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये चूक कुठे असेल याचा अंदाज असतो. यंत्राने लिहिलेला कोड दिसायला नीटनेटका असतो आणि त्यातली चूक शोधायला प्रत्येक ओळीवर थांबावे लागते. काम लवकर होते हे मान्य आहे. परंतु त्या बदल्यात आम्ही लवकर घरी जात नाही. पुढच्या प्रकल्पात माणसे कमी दिली जातात आणि मुदतही कमी दिली जाते.

लिमिटेड_बस

माझे वडील बेस्टमध्ये वाहक होते. तिकिटांची पेटी आणि चिमटा जाऊन छपाईचे यंत्र आले तेव्हा त्यांना ते आवडले, कारण दिवसअखेरचा हिशेब सोपा झाला. त्यामुळे यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. पण बेस्टने २०१९ पासून मोठ्या प्रमाणावर भाडेतत्त्वावरील बसगाड्या घेतल्या, ज्यांचे चालक कंत्राटदाराचे कर्मचारी असतात, आणि काही मार्गांवर वाहक गाडीत न राहता थांब्यावर तिकिटे देऊ लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला तेव्हा प्रवाशांना पहिल्यांदाच कळले की बस लाल असली तरी चालक बेस्टचा नाही.

वाहक फक्त तिकीट फाडत नसे. म्हातारे माणूस चढले की तो घंटी वाजवायचा थांबे, शाळकरी मुलाला योग्य थांब्यावर उतरवे, छेडछाड करणाऱ्याला दटावे. ही कामे कामाच्या यादीत लिहिलेली नव्हती, म्हणून यंत्र आणताना ती कुणी मोजलीच नाहीत. आता ती कुणीच करत नाही. उत्तराताईंनी दोन प्रकार सांगितले, नाहीसे झालेले काम आणि आपल्याकडे ढकललेले काम. हा तिसरा प्रकार मला सर्वांत जास्त खुपतो.

गिरणगाव_लेकरू

धागा वाचताना सारखे वाटत होते की या प्रश्नाचा मुंबईतला इतिहास कुणीतरी सांगावा.

गिरण्यांत सुरुवातीला कामाचा दिवस साधारणपणे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत असे, कारण अंधारात सूत दिसत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचे दिवे पसरले. दिव्यामुळे साचेखात्यातल्या, म्हणजे विणकामाच्या विभागातल्या, माणसाचे डोळे कमी दुखले असतील, पण १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी आली आणि त्याच दिव्यांच्या उजेडात अनेक गिरण्यांचा दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. अंधार हीच तोवर कामगाराची एकमेव सुट्टी होती आणि यंत्राने ती संपवली. ओरड झाली, चौकशा झाल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. पुढे १९२२ मध्ये दिवसाला अकरा तास, १९३४ मध्ये दहा आणि १९४८ मध्ये नऊ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस. म्हणजे दिव्याने एका झटक्यात वाढवलेला दिवस कमी करायला चार दशके आणि चार कायदे लागले.

रविवारच्या सुट्टीचेही तसेच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली, तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. कोणत्याही इंजिनाने, मागाने किंवा चरखीने ती सुट्टी दिली नव्हती.

म्हणून मला यंत्राबद्दल राग नाही आणि यंत्रावर श्रद्धाही नाही. यंत्र तास मोकळे करते. ते कुणाचे होणार हे भांडून ठरते. सध्या भांडणारे कमी आहेत, त्यामुळे पारडे उलट दिशेने झुकले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने आणि आस्थापनांमधील दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास आणि कारखान्यांमधील नऊवरून बारा तास करण्यास मंजुरी दिली. इतकी यंत्रे आली, आणि १९४८ च्या मर्यादेवरून आपण पुन्हा १९११ च्या आकड्याकडे निघालो आहोत. कार्यालय सुटल्यावर वरिष्ठांच्या संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क असावा, असे खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले होते. ते पुढे सरकले नाही. खिशातला मोबाइल हा त्या विजेच्या दिव्याचाच पुढचा अवतार आहे असे माझे ठाम मत आहे.

जुना_कारकून

उत्तम प्रतिसाद. आमच्या काळच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात हे शिकवले जाई. आता अभ्यासवर्गही नाहीत.

वाशी_मसाला_मार्केट

गिरणगाव_लेकरू यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. घरपोच सामान देणाऱ्या मुलांबद्दल नेहमी ऐकू येते की ते कुणाचे नोकर नाहीत, ॲप केवळ मध्यस्थ आहे, हा सगळा प्रकार नवीन असल्यामुळे जुने कामगार कायदे त्याला लागू होऊ शकत नाहीत. माझे वडील माथाडी कामगार. मशीद बंदरच्या गोदामांत पाठीवर गोणी वाहणारा हमालही कुणाचा नोकर नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. दोघेही म्हणत की हा आमचा माणूस नाही. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक कोण हा वाद बाजूला ठेवून कायद्याने मंडळ स्थापन केले. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठरलेली लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक रक्कम, मंडळात भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार हे कामगाराला मिळायचे. माझे शिक्षण त्या पैशांवर झाले.

ॲपला तर प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होते. प्रत्येक फेरीमागे लेव्ही कापून मंडळात भरणे हे १९६९ पेक्षा आज कितीतरी सोपे आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत असे काम करणाऱ्यांचा उल्लेख २०२० सालीच आला, पण ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. तंत्रज्ञानामुळे हे अशक्य आहे असे कुणी म्हणू लागले की मला वाशीच्या मार्केटमधली लाकडी पाटी आठवते, जिच्यावर टोळीचा मुकादम खडूने कामाची नोंद करत असे. त्या पाटीवर जे जमले ते संगणकावर का जमणार नाही?

अंधेरी_एम_ए_भाग_दोन

मी शिकत असताना संध्याकाळी हेच घरपोच देण्याचे काम करतो. मला मंडळ नको. माथाडी कायद्याच्या नावाखाली व्यापाऱ्यांकडून खंडणी मागणाऱ्या बोगस टोळ्यांच्या तक्रारीही याच महाराष्ट्रात झाल्या आहेत. परीक्षा असते तेव्हा मी ॲप बंद ठेवतो आणि कुणाला विचारावे लागत नाही, हे मला कुठल्याही दुकानातल्या नोकरीत मिळाले नसते.

एकच गोष्ट हवी. पावसात हिंदमाताला पाणी भरलेले असते, फेरीला उशीर होतो, ग्राहक कमी तारे देतो, आणि माझ्या पुढच्या फेऱ्या कमी होतात. त्या निर्णयाविरुद्ध दाद कुणाकडे मागायची, हे मला कुणी सांगू शकलेले नाही. श्रवण यांनी कारकुनाची विनवणी करता येते असे लिहिले आहे, ते मला नीट समजले.

वाशी_मसाला_मार्केट

बोगस टोळ्यांबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि त्यांचा सर्वाधिक त्रास खऱ्या माथाडींनाच झाला. पण तुम्हाला जी दाद मागायची जागा हवी आहे, ती मंडळाशिवाय कुठे असणार? त्याला मंडळ म्हणू नका, दुसरे काही म्हणा.

उत्तरा_दादर

मूळ प्रश्नाकडे परत येते. इतक्या प्रतिसादांनंतर माझे मत थोडे बदलले आहे. पगारी काम आपल्या अंगावर आले हे माझे म्हणणे कायम आहे. परंतु मीनाताई, श्रवण आणि अंधेरीचे हे विद्यार्थी तिघेही वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचले: यंत्राने 'नाही' म्हटले की ऐकून घेणारा जबाबदार माणूस उरलेला नाही. रेवतीताईंचा तलाठी वाईट होता, पण त्याच्याविरुद्ध तहसीलदाराकडे तरी जाता येई. मग आता प्रत्यक्षात काय करता येईल? जुना_कारकून, बँकेच्या बाबतीत काही नियम आहेत का?

जुना_कारकून

आहेत, आणि ते वापरले जात नाहीत म्हणून तपशिलाने लिहितो. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या आहेत की शाखेत ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांगांसाठी स्वतंत्र खिडकी असावी किंवा त्यांना प्राधान्य द्यावे, आणि सत्तर वर्षांवरील तसेच दिव्यांग किंवा आजारी ग्राहकांना रोख रक्कम देणे-घेणे, हयातीचा दाखला घेणे अशा मूलभूत सेवा घरी पुरवण्याची व्यवस्था करावी. पेन्शनचा हयातीचा दाखला २०१४ पासून ऑनलाइन देता येतो, पण कागदी दाखला शाखेत देण्याचा मार्ग बंद झालेला नाही. 'आता सगळे ॲपवरच' असे कुणी सांगितले तर ते लेखी द्यायला सांगावे. लेखी देत नाहीत. मग आपणच लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि ती टपालाने कागदावरही पाठवता येते. माझ्या नोकरीत मी पाहिले आहे की दहा तोंडी तक्रारींपेक्षा पोच घेतलेला एक कागद शाखा व्यवस्थापकाला लवकर हलवतो.

श्रवण

याला जोडून एक विनंती. अर्जात 'माझ्यासाठी पर्यायी पडताळणी पद्धत द्यावी' हे वाक्य जरूर घालावे आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालाचा उल्लेख करावा. माझ्या बाबतीत त्यानंतर शाखेतून फोन आला.

मीना_दिवा

जुना_कारकून काका, तुम्ही लिहिलेले मी मराठीत अर्जाच्या रूपात टाइप करून ठेवते: नाव, खाते, कोणती सेवा नाकारली, कोणत्या तारखेला, आणि श्रवण दादांचे वाक्य. शनिवारी केंद्रात ज्या आजी पेन्शनसाठी येतात त्यांना दोन प्रती काढून देईन. पोच कुठे घ्यायची तिथे चौकट आखून ठेवते, म्हणजे सही-शिक्का मागायला त्यांना संकोच वाटणार नाही. मसुदा येथे डकवते, चूक असेल तर कृपया शुक्रवारपर्यंत सांगा.